चूक वैमानिकाची म्हणे

माझा धाकटा भाऊ लष्करात हेलिकॉप्टर उडवायचा. घोटीच्या पुढे, भाताच्या खाचरांत त्याचं हेलिकॉप्टर कोसळलं आणि तो गेला. शेजारी बसलेला तरुण सहवैमानिकही गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते त्याच्या नंतरचं आहे. मरणाशी माणूस कधी ना कधी जुळवून घेत असावा. मेलेल्याच्या अंगाला नंतर जे फासलं जातं, त्याची मात्र मला आजही शिसारी येते.

बाबांची मखमलाबादला फुलशेती आहे. अंत्यसंस्काराच्या सकाळी वॉर्डातल्या एका पुढाऱ्याची माणसं टेम्पो घेऊन मळ्यात आली. मिरवणुकीची गाडी सजवायला त्यांना झेंडू हवा होता. बाबा बांधावर उभे होते, अंगात आदल्या दिवशीचाच सदरा. हे कोण, त्यांना ठाऊक नव्हतं.

एक जण म्हणाला, "काका, शहिदासाठी फुलं पाहिजेत. भाव जरा नीट लावा."

"न्या," बाबा म्हणाले. "पाहिजे तेवढी न्या. भाव नाय लावत मी."

मी नंतर विचारलं, "बाबा, मी त्याचा बाप आहे असं सांगितलं का नाहीत?" तर म्हणाले, "सांगितलं असतं तर पाया पडला असता. मला त्याचा हात लागाया नको व्हता."

अमरधामच्या रस्त्यावर फ्लेक्स लागले होते. पुढाऱ्याचा चेहरा केवढा तरी मोठा, हात जोडलेले, आणि कोपऱ्यात माझा भाऊ. फोटो कुठून मिळवला कोण जाणे, त्याच्या लग्नातला होता. शेजारची भावजय कापून टाकली होती, पण त्याच्या खांद्यावर ठेवलेला तिचा हात तसाच राहिला होता, मनगटाशी तोडलेला, मेंदी लावलेला. भावजय गाडीतून ते बघत होती. मी तिची मान माझ्याकडे वळवली, तर ती म्हणाली, "राहू द्या ताई. माझा हात आहे तिथं, बरंय."

तेरावं झालं आणि मग बातमी आली. एका वाहिनीने 'सूत्रांच्या हवाल्याने' सांगितलं की अपघाताला वैमानिकाची चूक कारणीभूत होती. ढगांमुळे तो फार खाली उतरला, त्याचा अंदाज चुकला. सोबत एक कार्टून दाखवत होते. कार्टूनमधलं हेलिकॉप्टर ढगातून यायचं आणि डोंगराला धडकायचं. ते पडलं त्या खाचरांपासून डोंगर चांगले लांब आहेत. पण वाहिनीला डोंगर हवा होता. दिवसभर माझा भाऊ त्या डोंगरावर आपटत राहिला. आईने रिमोट हातात घट्ट धरून ठेवला होता, पण बंद करायचं तिच्याकडून होईना.

त्याच आठवड्यात फ्लेक्स उतरले. चौकाला त्याचं नाव द्यायची घोषणा झाली होती, तिचा कुणी उच्चार करेना. फ्लेक्सच्या त्याच चौकटीवर त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लागल्या.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गंगापूर रोडला माझं छोटंसं क्लिनिक आहे. पालथा झोपलेला माणूस आपल्याला बघत नाही, म्हणून बोलायला लागतो, हा माझा नेहमीचा अनुभव. एक सेवानिवृत्त गृहस्थ खांद्यासाठी यायचे. तो हेलिकॉप्टरवाला माझा भाऊ, हे त्यांना माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं आणि विसरले होते, दोन्हीत फरक काय? म्हणाले, "मॅडम, आजकालच्या पोरांना स्टंटची हौस. खाली उडवून रील काढत असणार. सरकारचं एवढं महागाचं हेलिकॉप्टर घालवलं, शिवाय दुसऱ्याच्या पोराला घेऊन मेला."

त्यांचा हात माझ्या हातात होता. दुखऱ्या सांध्याला थोडा जास्त दाब दिला की माणूस ओरडतो. मी तो दाब दिला नाही. हात अलगद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उठा. यापुढे दुसरीकडे जा." ते शर्टाची बटणं लावत, न समजून, "काय झालं, काय झालं" करत गेले. मी बेसिनशी जाऊन हात धुतले. साबण लावून परत धुतले.

भाऊ याच टेबलावर झोपायचा. त्याची नेमणूक नाशिकजवळच होती, त्यामुळे रविवारी घरी यायचा. हेल्मेटच्या वजनाने मान आखडायची, ती मी मोकळी करून द्यायचे. शेवटी आला होता तेव्हा टेबलाच्या भोकात तोंड घालून मला म्हणाला होता, "ताई, आमचं मशीन म्हातारं झालंय. परवा पेडल दाबलं तर शेपूट ऐकेना. क्षणभरच. पण ऐकलं नाही."

हेलिकॉप्टरच्या शेपटीला एक लहान पंखा असतो. तो चालत नसेल तर अख्खं हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत सुटतं. हे त्यानेच मला पूर्वी समजावलं होतं.

"मग सांगितलंस का कुणाला?"

"खाली उतरल्या उतरल्या सांगितलं. त्यांनी तपासलं, म्हणाले ठीक आहे."

"आणि?"

"आणि काय? ठीक आहे म्हणाले म्हणजे ठीक आहे. तू डावीकडे दाब, तिथं दुखतंय."

चौकशी संपल्यावर दोन अधिकारी घरी आले. वागायला अतिशय सभ्य. बूट बाहेर काढले, भावाच्या फोटोला सलाम केला, आईने दिलेला चिवडा खाल्ला. मग त्यातल्या मोठ्याने निष्कर्ष सांगितला. त्याने शब्द वापरला 'ह्यूमन एरर'. बाबांना तो शब्द कळला नाही असं वाटून म्हणाला, "अंकल, ये बस एक टेक्निकल टर्म है."

आई म्हणाली, "त्या दिवशी ढग नव्हते. मी पापड वाळत घातले होते."

तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाकडे बघून हसावं तसा हसला. "आंटी, वहाँ का मौसम अलग होता है।"

मी पेडलचं सांगितलं. तो म्हणाला, तशी कुठे नोंद नाही. मी म्हटलं, "त्याने सांगितलं होतं." तो म्हणाला, "मॅडम, सांगितलं असेल. पण नोंद नाही." आणि कपातला चहा संपवला. निघताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वो बहुत अच्छा पायलट था।"

 अच्छा पायलट होता, आणि अंदाज चुकून मेला, आणि शेजारच्याला घेऊन मेला, आणि चिवडा छान आहे. मशीनची चूक म्हटली असती तर कुणाला तरी उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं. मेलेला माणूस उत्तर देत नाही. चूक त्याची ठरायला एवढी एकच पात्रता पुरली.

त्यानंतर काही दिवसांनी सहवैमानिकाच्या वडिलांचा फोन आला. उत्तरेकडचे, निवृत्त शिक्षक. फोन बाबांनी घेतला. तिकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "आपके बेटे ने मेरे बच्चे को मार डाला।" ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. बाबांनी एकदाही फोन कानापासून दूर केला नाही. मध्ये मध्ये फक्त "हां जी" म्हणत राहिले. तिकडून फोन बंद झाल्यावर म्हणाले, "त्याचं काय चुकलं? त्याला जे सांगितलं ते तो बोलला."

भावजय सटाण्याची. तिच्या वडिलांचा कांद्याचा व्यापार. ते तिला न्यायला आले तेव्हा म्हणाले, "जे व्हयनं ते व्हयनं, बेटा. आते सोडी दे. लोक हसतील आपल्याला."

ती म्हणाली, "अण्णा, लोक आत्ताच हसताहेत." आणि गेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी घोटीला गेलो. तिथून जीपने, हेलिकॉप्टर पडलं त्या गावात. गावातल्या पोलीस पाटलाने खुर्च्या टाकल्या, चहा मागवला. अपघाताचा जबाब त्यानेच दिला होता, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

"तुम्ही पडताना पाहिलंत?" मी विचारलं.

"मी घोटीला बाजारात होतो ना. पण मला सगळं समजलं. ढगातनं आलं आन् आपटलं."

"समजलं कुणाकडून?"

"टीव्हीवर दाखवलं की."

मी भावजयीकडे बघितलं. तिने हातातला चहा खाली ठेवला. वाहिनीने सूत्रांकडून घेतलेलं याने वाहिनीकडून घेतलं, आणि याच्याकडून ते चौकशीत गेलं. एका गटारातलं पाणी दुसऱ्या गटारात जावं, तसं. त्या पाण्यात माझा भाऊ बुडवला होता.

आम्ही खाचरांकडे चालत गेलो. आवणी संपत आली होती, भाताची रोपं लावणाऱ्या बायका पिवळे प्लास्टिकचे कागद डोक्यावर घेऊन वाकलेल्या होत्या. त्यातली एक वयस्क बाई आम्हाला बघून बांधावर आली. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि भावजयीच्या तोंडावरून फिरवले.

"आमी इथंच व्हतो बाई. उघाड व्हती. ऊन पडलं व्हतं, पाठी भाजत व्हत्या. आदी त्याचा आवाज निराळा झाला. मंग ते गरगर गरगर फिराया लागलं, जत्रंतल्या पाळण्यावानी. येत व्हतं आमच्याच डोक्यावर. आमी चिखलात. चिखलात पळाया येतंय का?"

"मग?"

"मंग ते सरकलं. त्या वढ्याकडं. कसं सरकलं देवाला ठाव, पन सरकलं. आतून एकानं हात केला आमाला. असा." तिने हात झाडून दाखवला. "बाजूला व्हा, बाजूला व्हा."

भावजयीने विचारलं, "कुठल्या बाजूला बसलेल्याने?"

"ते कसं कळावं बाई? फिरत व्हतं ना ते."

"हे तुम्ही चौकशीला आलेल्यांना सांगितलं नाही?"

"आमाला कोनी इचारलंच नाय. ते आले, तुकडे उचलून नेले, गेले. आमाला म्हनले, लांब व्हा."

परत येताना जीपमध्ये भावजयीच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. तो हात माझ्या भावाचा असावा, असं आम्हा दोघींना वाटत होतं. तसं सांगितलं असतं तर ते लोकांना किती आवडलं असतं! मरता मरता हात हलवून बायकांना वाचवणारा. फ्लेक्स पुन्हा लागले असते.

पण मला ठाऊक होतं. एकदा त्याने मला उभ्या हेलिकॉप्टरमध्ये बसवून दाखवलं होतं. उडवणाऱ्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात. मशीन गरगरत असताना तर तो एक बोटही सोडू शकला नसता. ओढ्याकडे नेलं ते त्याने. हात केला तो दुसऱ्याने.

मी ते भावजयीला सांगितलं.  ती म्हणाली, "तर मग तसंच सांगायचं. आपण नाही त्यांच्यासारखं करायचं."

घरी आल्यावर मी त्या शिक्षकांना फोन लावला. मी कोण ते कळताच त्यांनी फोन ठेवला असता, म्हणून एका दमात, हिंदीतून, सगळं सांगून टाकलं. ऊन, गरगरणं, ओढा. आणि शेवटी, "अंकल, माझ्या भावाचे हात मोकळे नव्हते. तो हात तुमच्या मुलाचा होता. त्याने त्या बायकांना बाजूला व्हायला सांगितलं."

 

"हाथ हिला रहा था?"

"जी."

"बाएँ हाथ से?"

"मालूम नहीं, अंकल."

"बाएँ से ही होगा। वो सब काम बाएँ से करता था। मैंने बहुत मारा उसको, दाएँ से लिख, दाएँ से लिख..." आम्ही फेरचौकशीचा अर्ज लिहून त्यांच्याकडे पाठवला. त्यावर बाबांच्या सहीखाली त्यांची सही होऊन आली. पाकीट उघडून बाबांनी ती सही बोटाने चाचपून बघितली.

अर्ज इकडून तिकडे फिरत राहिला. वकील, पत्रं, तारखा, 'साहेब नाहीत'. तो सगळा पाढा मी वाचत नाही. अखेर त्या बाईचा जबाब घ्यायचं ठरलं. ती एसटीने नाशिकला आली, नवं लुगडं नेसून, सोबत जावेला घेऊन. तिला व्हरांड्यात दिवसभर बसवून ठेवलं. बाकावर दुसरी माणसं आली की तिला उठवायचे. संध्याकाळ व्हायच्या बेताला आत घेतलं. आम्हाला दारात उभं राहू दिलं.

विचारणारा वेगळा अधिकारी होता. त्याने विचारलं, हेलिकॉप्टर किती फुटांवर होतं?

"चिंचंच्या वर व्हतं."

शेजारच्या माणसाने हिंदीत करून सांगितलं. अधिकारी हसला. "इमली का पेड़ कितने फीट का होता है भाई?" मग खोलीतले सगळेच हसले. टाइप करणारा सुद्धा. ती बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. पुढच्या प्रश्नांना ती फक्त "हो" आणि "नाय" म्हणाली. हात केल्याचं तिने सांगितलंच नाही. मी दारातून "हात, हाताचं सांगा" म्हटलं, तर मला गप्प राहायला सांगितलं.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मी काय चुकीचं बोलले का बाई?"

त्या हसण्याइतकी घाण गोष्ट मी आयुष्यात ऐकलेली नाही. टीव्हीवरचं कार्टून त्यापुढे बरं. ते निदान यंत्राने काढलेलं होतं.

निकाल आला तेव्हा सगळ्यांनी आम्हाला सांगितलं की आम्ही जिंकलो. 'वैमानिकाची चूक' हे शब्द काढून टाकले होते. त्यांच्या जागी आलं होतं की अपघाताचं निश्चित कारण सांगता येत नाही. म्हणजे मशीन बिघडलं होतं का? सांगता येत नाही. त्याने आधी तक्रार केली होती का? त्यावर एक ओळ नाही. मग आधी इतक्या खात्रीने त्याची चूक कशी सांगता आली होती? त्यावरही नाही.

संध्याकाळी मामा पेढे घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "सुटला बघा पोरगा!"

बाबा ओट्यावर गुलाबाच्या काड्या बांधत होते. त्यांनी मान वर केली. "कशातून सुटला?"

"अरे म्हणजे, नाव निघालं ना त्याचं."

"नाव निघालं. तो कुठून निघाला?"

मामा गोंधळून पेढ्यांचा पुडा हातात घेऊन उभे राहिले. आईने तो घेतला, गाईसमोर ठेवला आणि आत निघून गेली. त्याच आठवड्यात पुढाऱ्याचा माणूस चौकाचं विचारायला आला. बाबांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "चौकाला काय नाव द्यायचं ते द्या. माझ्या पोराचं नको. तुमी परत काढताल."

भावजय आता सटाण्याजवळ एका शाळेत शिकवते. सहवैमानिकाचे वडील, ते शिक्षक, दिवाळीला बाबांना फोन करतात. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नाही, तरी बोलतात. मला वाटलं होतं की राग हळूहळू निवेल. तो निवला आहे, पण त्याच्या जागी दुःख आलेलं नाही. वीट आला आहे, आणि विटाला सुतक नसतं, तो कधी फिटत नाही.

यंदा, दुपारी जेवत असताना, टीव्हीवर आणखी एक हेलिकॉप्टर पडल्याची बातमी आली. दूर, दुसऱ्याच राज्यात. अजून धूर दिसत होता आणि खाली पट्टी सरकत होती, वैमानिकाच्या चुकीची शक्यता.

आईचा घास हातातच राहिला. "त्या पोराची आई कुठं राहते बघ."

"आई, आत्ताच बातमी आलीय. अजून तर..."

"म्हणून तर म्हणते. आत्ताच बघ."

नाव, गाव, नंबर मिळायला दुसरा दिवस उजाडला. शिक्षकांनी कुणाकुणाला विचारून काढला. आईने फोन स्वतःच्या हातात घेतला. तिचं हिंदी बाजारापुरतं.

"बहन, मैं नाशिक से बोलती। मेरा लडका भी हेलिकॉप्टर में गया। तुम टीवी मत लगाओ।"

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"कुछ नहीं। झूठ बोलते वो लोग। तुम मत सुनो।" मग आईने आवाज खाली आणला. "कल से कुछ खाया क्या तुमने?"

तिकडची बाई रडायला लागली, ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं.  फोन कानाला लावून, पाय पसरून, भिंतीला टेकून ती जमिनीवर बसली आणि ऐकत राहिली.